ठिपक्यांचं पुस्तक

सुकलाल नानांच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी वही उघडायला बंदी होती. पेन खिशात, दप्तर भिंतीशी आणि मुलं-मुली रांगेत. नाना खुर्चीत बसलेले असत आणि त्यांच्या मांडीवर निळ्या फडक्यात बांधलेलं एक पुस्तक असे. नंबर आला की समोरच्या स्टुलावर बसायचं. नाना पान उघडून तोंडासमोर धरत आणि विचारत, "काय दिसतं?"

पानावर एक मोठं वर्तुळ, ते ठिपक्यांनी भरलेलं. लाल, हिरवे, तपकिरी, मातकट ठिपके आणि त्यांत दडलेला एक आकडा. ज्याचे डोळे चांगले त्याला तो चटकन दिसतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला भलताच आकडा दिसतो, नाहीतर नुसते ठिपके. रेल्वेच्या मेडिकलला असंच पुस्तक असतं. इंजिन चालवायचं असो की स्टेशन मास्तर व्हायचं असो, या पुस्तकातून सुटल्याशिवाय गत्यंतर नाही. मुलं दोन-दोन, तीन-तीन वर्षं अभ्यास करून परीक्षा काढतात आणि शेवटी या ठिपक्यांपाशी येऊन अडकतात. नानांचं म्हणणं साधं होतं. जे शेवटी कळणार ते पहिल्या दिवशीच कळलेलं बरं.

"पहिले डोया, मंग पुस्तक," असं ते म्हणत. एरवी वर्गात ते स्वच्छ शाळेतली मराठी बोलत, पण जिवाला लागलेली गोष्ट आली की अहिराणीत उतरत.

मी धरणगावची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. वीसेक वर्षांपूर्वी मी धुळ्याला मावशीकडे राहून नानांचा क्लास लावला. धुळं म्हणजे रेल्वेचा शेवट. चाळीसगावहून गाडी येते आणि इथे संपते, पुढे रूळच नाहीत. अशा गावात स्टेशनपासून दहा मिनिटांवर, घराच्या ओट्याला पत्रे ठोकून, नाना रेल्वे भरतीचा क्लास चालवत. पत्र्याखाली एक फळा, दोन सतरंज्या आणि मागच्या भिंतीला लागून घराची मधली खोली. ती भिंत विटांची नव्हती, प्लायवूडची होती. वर्गातला शब्द न् शब्द आत ऐकू जाई आणि आतल्या फोडणीचा वास वर्गात येई.

मी स्टुलावर बसले आणि धडाधड सांगत सुटले. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. प्रत्येक आकड्याला नाना "बरोबर" म्हणत आणि मला उगाचच पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं वाटे. मग एका पानावर मी थबकले.

"काही दिसत नाही, सर."

"नीट बघ."

"नुसते ठिपके आहेत."

"बरोबर," नाना म्हणाले. "या पानावर चांगल्या डोळ्यांना काही दिसत नाही. ज्याच्या डोळ्यांत दोष आहे त्यालाच इथे आकडा दिसतो."

"कोणता आकडा, सर?"

"तुले काय करनं शे?" असं म्हणून त्यांनी पान उलटलं. पुढचंही तसंच निघालं.

माझ्या मागे बोदवडचा एक मुलगा होता. तो दुसऱ्या महिन्यात माझ्या कानाशी येऊन कुजबुजला की नानांना स्वतःला त्या पानावर आकडा दिसतो. वर्गात त्या पानाला "नानांचं पान" म्हणत, अर्थात नाना नसताना. तिथला आकडा त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता. विचारायची सोय नव्हती.

एकदा कळल्यावर मग जिकडेतिकडे खुणा दिसू लागल्या. नाना कायम निळा शर्ट घालत, कारण निळा तेवढा त्यांना खात्रीने कळे. पेपर तपासायला लाल पेन त्यांनी कधी हातात धरलं नाही. बाजारातून टोमॅटो आणायला काकू, म्हणजे नानांची बायको, त्यांना पाठवत नसत. एकदा घाईत पाठवलं, तर नाना दोन किलो हिरवेगार टोमॅटो घेऊन आले आणि काकूंनी आठवडाभर त्यांची भाजी करून आम्हा मुलांना डब्यात दिली. केळी ते अंगठ्याने दाबून घेत. चौकातला सिग्नल त्यांना जागेवरून कळे. "वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं," असं ते मोठ्याने म्हणत रस्ता ओलांडत. आम्ही हसायचो. माझा स्वभाव मुळातच खवचट, त्यामुळे मी जरा जास्तच हसायचे.

हजेरी ते नावाने घेत नसत. प्रत्येकाला त्याच्या गावाचं नाव. "बोदवड? धरणगाव? शिरपूर? जामनेर?" गाड्यांची घोषणा व्हावी तशी हजेरी चाले. वर्षभरात नाना माझं खरं नाव चार वेळाही बोलले नसतील. "बठ्ठा उनात का?" म्हणजे सगळे आले का, असं शेवटी विचारून ते फळ्याकडे वळत आणि एक इंजिन काढत. इंजिनामागे डबे. प्रत्येक डब्यावर एकेक नोकरी लिहिलेली असे. गार्ड, स्टेशन मास्तर, तिकीट क्लार्क, माल बुकिंग, ट्रॅकमन, वर्कशॉपचा कारागीर. कोणत्या नोकरीला कोणते डोळे लागतात, कुणाला चष्मा चालतो, कुणाला रंग कळले नाहीत तरी चालतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. पहिल्या दिवशी जो ठिपक्यांत अडके त्याला ते घरी पाठवत नसत. फळ्यापाशी नेऊन खडू त्याच्या हातात देत आणि कोणकोणते डबे त्याच्यासाठी उघडे आहेत त्यांवर खूण करायला लावत.

सगळ्यांना ते पटे असं नाही. जामनेरचा एक दांडगा मुलगा होता, गणितात सगळ्यांत पुढे. दुसऱ्याच पानावर आठच्या जागी तीन म्हणाला आणि पुढे गडगडतच गेला. त्याला इंजिनच हवं होतं. चार दिवसांनी तो एकटा आला आणि नानांना म्हणाला, "सर, तुम्हाला तर सगळी पानं पाठ आहेत. मला क्रमाने पाठ करून द्या ना. काही मुलं तसंच करतात म्हणे."

नानांना क्रम पाठ होता हे खरं. त्यांना स्वतःला आकडे दिसत नव्हतेच, कुणाकडून तरी एकदा वाचून घेतलेले होते. पुस्तक जुनं, कुठल्याशा रद्दीतून मिळवलेलं. वाळवीने कोपरे खाल्लेले, त्यामुळे पानांचे नंबर गेले होते. म्हणून नाना नेहमी पहिल्या पानापासून सुरुवात करत आणि क्रमाने पुढे जात. पान मागेपुढे झालं तर उत्तर बरोबर की चूक हे त्यांनाच कळलं नसतं.

त्यांनी त्या मुलाचा हात धरला आणि त्याला ओढत स्टेशनवर नेलं. मागोमाग आम्ही तिघं-चौघं. चाळीसगावची गाडी उभी होती. तिच्या पहिल्या डब्याच्या खिडकीत एक बाई बाळाला पाजत बसली होती. नाना त्या मुलाला म्हणाले, "हाई देख. हिले विचार, तू पाठ करीसन गाडी चालावशी ते तिले चाली का?" मुलगा रडायला लागला. नानांनी त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि पुढचं वर्षभर त्याच्याकडून माल क्लार्कची तयारी करून घेतली. आज तो मोठ्या स्टेशनवर माल बुकिंगला आहे. माझ्याशी बोलताना अजूनही म्हणतो की नानांनी त्या दिवशी त्याला थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं.

नानांची स्वतःची गोष्ट मला नंतर कळली. ते रोज संध्याकाळी स्टेशनवर जात आणि जिथे रूळ संपतात तिथल्या बाकावर बसत. गाडी आत आली की ड्रायव्हरला हात करत. माझी परीक्षा झाली त्या दिवशी मीही तिथे जाऊन बसले होते. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

धरणगावच्या जवळच्याच एका खेड्यातले ते. घरात पहिले शिकलेले. असिस्टंट ड्रायव्हरची परीक्षा पास झाले तेव्हा वडिलांनी गावभर पेढे वाटले, वाजंत्री लावली आणि गळ्यात हार घालून बैलगाडीतून त्यांना स्टेशनवर आणलं. मेडिकल भुसावळला होतं. मेडिकल म्हणजे वजन-उंची बघत असतील अशी सगळ्यांची समजूत. डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. पहिलं बारा सगळ्यांनाच दिसतं, तेवढं सांगितलं. पुढे प्रत्येक पानावर डॉक्टर त्यांच्याकडे बघत आणि काहीतरी लिहून घेत.

"मग एक पान आलं," नाना म्हणाले. "त्या पानावर मला आकडा एकदम ठसठशीत दिसला. इतका वेळ चाचपडत होतो, आता जमलं असं वाटलं. आनंदाने ओरडूनच सांगितला. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं."

नानांनी हुज्जत घातली. मी दिवा जागेवरून ओळखतो, म्हणाले. डॉक्टर भले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "अंधारात खांब दिसत नाही, बाळ. एकच दिवा दिसतो. तो वरचा की खालचा, कसं सांगशील?"

नाना दोन दिवस भुसावळच्या स्टेशनवर बसून राहिले. गावी जायची हिंमत झाली नाही. पुढे गेले तेव्हा तो वाळलेला हार घरात खुंटीला तसाच होता. क्लार्कच्या नोकरीला हे डोळे चालले असते. "माले कोनी सांगंच नही," नाना म्हणाले. कळलं तोवर वय निघून गेलं होतं.

तेव्हापासून त्यांचा दुसरा नियम होता. मेडिकल पास होईपर्यंत पेढा वाटायचा नाही. परीक्षेचा निकाल लागून कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन आलं, तर नाना तो पुडा न उघडता परत करत. मी पास झाले तेव्हा माझाही परत केला होता. मला त्या वेळी भयंकर राग आला होता.

हा नियम नानांनी आयुष्यात एकदाच मोडला. तो त्यांच्या नातवासाठी, हर्षलसाठी.

हर्षल त्यांच्या मुलीचा मुलगा. जावई कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिकडचाच झाला. मुलगी दोन वर्षांच्या हर्षलला घेऊन माहेरी आली आणि तिथेच राहिली. आम्हा सगळ्यांना आमच्या गावाच्या नावाने हाक मारणारे नाना त्याला मात्र नावाने हाक मारत. मुलीला दिवस गेले तेव्हाच एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी नानांना सांगून ठेवलं होतं की आजोबांचा हा दोष मुलीच्या पोटी येणाऱ्या मुलात उतरू शकतो, कदाचित नाहीही उतरत. नानांनी नात व्हावी म्हणून नवस बोलला होता. नातू झाला. आणि या नातवाला बोलता येऊ लागल्यापासून एकच नाद, इंजिन. स्टेशनवर नानांच्या खांद्यावर बसून तो भोंग्याचा आवाज काढायचा. नाना तेव्हा हसायचे आणि लगेच गप्प व्हायचे.

मी नोकरीला लागल्यावर सुट्टीत धुळ्याला आले की नानांकडे जाई. हर्षल चार-पाच वर्षांचा होता तेव्हाचं मला आठवतं. ओट्यावर नवी बॅच ठिपके वाचत होती आणि हा आतल्या खोलीत एका पायावर उड्या मारत म्हणत होता, "बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर..." आम्ही खो-खो हसलो. काकू म्हणाल्या, बाकीच्यांची पोरं पाढे म्हणतात, आमचा हा हे आकडे म्हणतो. मीही हसले, हे मला आज लिहितानाही टोचतं.

तो सात वर्षांचा झाला, आकडे नीट वाचू लागला, तेव्हा नानांनी निळं फडकं सोडलं. त्या दिवशी मी तिथे होते. हर्षल स्टुलावर बसला, पाय खाली टेकत नव्हते. नाना पान उघडत, तो उत्तर देई. एक चुकलं नाही. नानांच्या पानावर आला तेव्हा म्हणाला, "काही नाही, सर." आजोबांना सर म्हणाला म्हणून आम्ही पुन्हा हसलो. नानांनी पुस्तक मिटून कपाळाला लावलं. मग उठले, चपला न घालता कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दोन किलो पेढे घेऊन आले. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांनी स्वतःच्या हाताने पेढे वाटले.

पुढे हर्षलने आयटीआय केलं. असिस्टंट लोको पायलटची जाहिरात निघायची वाट बघण्यात काही वर्षं गेली. जाहिरात निघाली, त्याने फॉर्म भरला, एक परीक्षा झाली, दुसरी झाली, संगणकावरची मानसिक चाचणीही झाली. सगळ्यांत तो पास झाला. मेडिकल तेवढं राहिलं. नाना आता थकले होते, क्लासला मुलंही कमीच येत. बरीचशी मोबाइलवर शिकत. पण नानांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्या आनंदात ते हर्षलला घेऊन माझ्या स्टेशनवर आले. मी जळगावच्या अलीकडच्या एका लहानशा स्टेशनवर मास्तर आहे. नानांना पोराला आतून सगळं दाखवायचं होतं.

चहा झाला. नाना प्लॅटफॉर्मवर सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनशी बोलत उभे राहिले. हर्षल माझ्या ऑफिसात होता. न थांबणारी मालगाडी येत होती, तिला उभं राहून झेंडा दाखवायचा असतो. माझ्या कानाला फोन होता. टेबलावर दोन्ही झेंडे गुंडाळून ठेवलेले होते. मी त्याला म्हटलं, "हर्षल, हिरवा दे रे."

त्याचा हात एका झेंड्याकडे गेला, थांबला, दुसऱ्याकडे गेला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि लाल माझ्या हातात दिला.

मी हिरवा उचलला आणि बाहेर गेले. मालगाडी निघून गेली. घाईत होतं असं कुणाचंही, मी स्वतःला सांगितलं. तरी परत आल्यावर राहवलं नाही. त्याला दारात बोलावलं आणि समोरच्या खांबाकडे बोट दाखवून सहज विचारावं तसं विचारलं, "सिग्नल काय आहे आता?"

"खालचा पेटलाय ना, अक्का," तो पटकन म्हणाला. "म्हणजे लाल."

रस्त्यावर वरचा लाल असतो, रेल्वेत खालचा. एवढाच काय तो फरक. बाकी वाक्य नानांचंच होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दहावीपासून. शाळेत रांगोळी भरायची होती. सगळे हसले." मग माझा हात धरून म्हणाला, "नानांना नका सांगू, अक्का. मला सगळी पानं पाठ आहेत. लहानपणापासून ऐकतोय."

"मेडिकलला पानं पिसून दाखवतात, वेड्या. अंधारात दिव्याचीही परीक्षा असते."

"जमेल काहीतरी," तो म्हणाला. "तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते."

प्लॅटफॉर्मवर नाना पॉइंट्समनला मोठ्याने सांगत होते की त्यांचा नातू एक दिवस याच रुळावरून जाणार आहे.

मी हर्षलला आठ दिवस दिले. तू स्वतः सांग, नाहीतर मी येऊन सांगते म्हटलं. त्या आठ दिवसांत माझ्या स्टेशनवरून जेवढ्या गाड्या गेल्या, त्या प्रत्येक इंजिनाच्या खिडकीत मला हर्षल दिसला आणि मागच्या डब्यात ती बाळाला पाजणारी बाई दिसली. सांगितलं तर नाना मोडणार आणि नाही सांगितलं तर मला इथे झेंडा धरून उभं राहता येणार नाही, हे मला पक्कं कळत होतं. नवव्या दिवशी रजा टाकून मी धुळ्याला गेले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण शेवटी मला ते सांगवणार नाही. हर्षल मेडिकलला गेलाच नाही. तो आता धुळ्यात एका मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि क्लार्कच्या जाहिरातीची वाट बघतो. त्याचं वय अजून आहे, पण जाहिरातीचा पत्ता नाही. नानांनी त्याच महिन्यात क्लास बंद केला. पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले. झोपेतच गेले, काही आजार नव्हता. मी अंत्ययात्रेला पोहोचू शकले नाही, बदली मास्तर मिळाला नाही. म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्या रजेच्या दुपारचंच.

नाना ओट्यावर एकटे बसले होते. मी सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, झेंड्यासकट. मधल्या खोलीच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या.

"मी तपासेल शे त्याले," नाना म्हणाले. "सातव्या वर्षी. एक बी चुकना नही."

नानांची नजर फळ्यावरून त्या प्लायवूडच्या भिंतीकडे गेली आणि तिथेच खिळली. आत कुठलंसं भांडं वाजलं, ते इथे अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"मी कायम पहिल्या पानापासून सुरू करायचो," नाना म्हणाले. "नाही का, धरणगाव?"

"हो, सर."

"कधीच मधून उघडलं नाही."

इतक्या मुलांना पहिल्या दिवशी खरं सांगणाऱ्या माणसाने आपल्याच घरातल्या मुलाला तेरा वर्षं खोट्या आशेवर ठेवलं होतं, आणि तेही रोज स्वतःच्याच वर्गातून त्याला उत्तरं पुरवून. ते त्यांना एका क्षणात कळलं आणि ते कळताना मला बघावं लागलं. तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

नानांनी हर्षलला हाक मारली. तो बाहेर आला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न सांगता स्टुलावर जाऊन बसला. आता त्याचे पाय जमिनीला नीट टेकत होते. नानांनी निळं फडकं सोडलं आणि पुस्तक माझ्याकडे दिलं.

"तू दाखव. मधूनच उघड."

मी मधूनच उघडलं. मला एकोणतीस दिसत होते. हर्षल डोळे बारीक करून म्हणाला, "सत्तर." मी मान हलवली. दुसरं कुठलंतरी उघडलं. चौऱ्याहत्तर होते. "एकवीस," तो म्हणाला. पुढच्या दोन पानांवर त्याला काहीच दिसलं नाही. प्रत्येक पानाला नाना पुस्तकाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी प्रत्येक वेळी मान हलवत होते. काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

मग मी आणखी एक पान उघडलं. मला त्यावर काही दिसेना. हात क्षणभर अडखळला, पण पान तोवर त्याच्यासमोर धरलं गेलं होतं.

"पंचेचाळीस," हर्षल म्हणाला. इतका वेळ चाचपडणारा त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

नाना पहिल्यांदाच पुस्तकाकडे वळले. "किती म्हणालास?"

"पंचेचाळीस, नाना. हे काय, एवढं ठसठशीत आहे."

नाना उठले. खुर्ची ओढून त्यांनी हर्षलच्या शेजारी घेतली आणि माझ्या हातातून पुस्तक घेऊन दोघांच्या मांडीवर मधोमध ठेवलं. मग ते त्या पानावर वाकले.

"शे," ते म्हणाले. "पंचेचाळीसच शे. माले बी तेच दिसस."

मग त्यांनी पान उलटलं. "आनि हाई?"

"त्र्याहत्तर."

"त्र्याहत्तर!" नानांनी बोट टेकवलं आणि ठिपक्यांवरून सावकाश आधी सात गिरवला, मग तीन. हर्षलचं बोट त्यांच्या बोटामागून गेलं. नाना रडत होते, आणि त्या निळ्या शर्टाला खेटून बसलेला त्यांचा नातूही रडत होता, पण दोघंही पानावरून नजर हलवत नव्हते.

मी समोर उभी होते. वाकून, डोळे ताणून, मीही पाहिलं. मला नुसते ठिपके दिसत होते.